मी त्या उतारावर नव्हतो

मित्रांनो, मी सायकलचा एक जुना ब्रेक आहे. मागचा नव्हे, पुढचा. हा फरक तुम्हाला आत्ता किरकोळ वाटेल. माझी हकिगत ऐकून झाली की वाटणार नाही.

दिसायला मी काही देखणा नाही. लोखंडाचे दोन वाकडे हात, त्यांच्या टोकांना रबराचे दोन गुटके, एक स्प्रिंग, एक वायर आणि हँडलवर बोटांत मावेल एवढी दांडी. दांडी दाबली की माझे दोन्ही हात जवळ येतात आणि फिरतं चाक दोन्ही बाजूंनी धरतात. एवढंच माझं शिक्षण. सध्या माझा मुक्काम पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. गुन्ह्याशी संबंध असलेल्या वस्तू इथे ठेवतात. शेजारी एक फुटकी दुचाकी आहे, तीन कुलपं आहेत आणि कुणाची तरी गॅसची शेगडी आहे. सगळे गप्प असतात. मी मात्र गप्प बसणार नाही, कारण मला राग आला आहे आणि तो चार महिन्यांत उतरलेला नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दिवसाला माझ्यासारखे हजारभर जन्माला यायचे, तेव्हा कौतुक वगैरे काही नाही. पण तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायच्या. प्रत्येक ब्रेक त्या तीनदा दाबून पाहायच्या आणि तिसऱ्यांदा दाबताना मुद्दाम दुसरीकडे बघायच्या. नव्या मुलींना त्या सांगायच्या की ब्रेक लावणारा माणूस ब्रेककडे बघत नसतो, समोर जे आलंय त्याच्याकडे बघत असतो. म्हणून बोटांना न बघता समजलं पाहिजे.

माझी पहिली मालकीण एक परिचारिका होती. तिला सगळे सिस्टरच म्हणायचे, अगदी तिच्या घरमालकासकट. सिस्टर अकरा वर्षं त्याच सायकलवरून रुग्णालयात गेली. तिचा मुलगा लहान होता तेव्हा सायकलच्या आडव्या दांडीवर एक चिमुकली गादी बसवलेली असायची. उतार लागला की ती त्याचा हात आपल्या हाताखाली घ्यायची आणि माझी दांडी दाबून दाखवायची. "एकदम नाही, थोडं थोडं. बघ, कशी ऐकते." मुलगा खिदळायचा. त्याला वाटायचं, सायकल त्याचंच ऐकते आहे.

गुटके झिजले की ती लगेच बदलायची. चप्पल फाटली तरी महिनाभर तशीच ओढेल, पण माझे गुटके नाही. त्या अकरा वर्षांत आम्ही एक कुत्र्याचं पिल्लू, दोन आंधळेपणाने पळत सुटलेली मुलं आणि भाजीची जुडी उचलायला वाकलेली एक आजी एवढ्यांना वाचवलं. कुणी आभार मानले नाहीत. उलट आजीने सिस्टरलाच चार शब्द सुनावले. ब्रेकचं काम असंच असतं. ते चोख झालं की काही घडतच नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचं कौतुक कोण करणार?

पुढे सिस्टरने स्कूटर घेतली. आम्ही गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे जाऊन उभे राहिलो. सहा-सात वर्षं. माझी वायर गंजली, गुटके दगडासारखे झाले. मला वाटलं, आता भंगारवालाच येईल.

आला तो मुलगा. आता तो चोवीस वर्षांचा होता, कुठल्याशा काचेच्या इमारतीत नोकरीला होता, आणि मित्र त्याला रॉकेट म्हणत. जुनी सायकल आपल्या हाताने नवी करायची, अशी तेव्हा त्याच्या मित्रांत टूम होती. त्याने तिला काळाभोर रंग दिला. सुरुवातीला मला फार बरं वाटलं. माझी वायर बदलली, तेलपाणी झालं. मग त्याने एकेक गोष्ट उतरवायला सुरुवात केली. कॅरियर गेलं, स्टँड गेला, चिखल अडवणारे पत्रे गेले. घंटी गेली. घंटीला त्याने "लहान मुलांची वस्तू" म्हटलं. माणसांत वावरायला सायकलीला जे जे लागतं ते ते त्याने काढलं आणि उरलेल्या सांगाड्याला तो स्वच्छ म्हणू लागला.

मग माझी पाळी आली.

मोठ्या उताराच्या पायथ्याशी एका मिस्त्रींचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, पुढे छपराखालची जागा, आणि भिंतीवर सायकलींची हाडं टांगलेली. मिस्त्री साठीचे. हात सोन्याचे, बोलणं मोजकं. रॉकेट आला आणि म्हणाला, पुढचा ब्रेक उतरवा. वजन कमी होईल आणि हँडल मोकळं दिसेल. मिस्त्रींनी पाना हातात घेतला, मग थांबले.

"अरे, थांबवतो तो पुढचाच," ते म्हणाले. "मागचा नुसता आवरतो."

"मिस्त्रीकाका, मला थांबायचंच नाहीये."

छपराखाली दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती, ती हसली. खरं सांगायचं तर मिस्त्रीही थोडे हसले. विनोद बरा होता. आणि मित्रांनो, त्या हसण्यात दहा नंबरचा पाना फिरला, वायर सुटली, दांडी सुटली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला पुसून त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं, कधी लागलाच तर असावा म्हणून.

त्या डब्याला झाकण नव्हतं. डबा दाराजवळच्या फळीवर होता आणि दाराच्या बरोबर समोर रस्त्यावर पांढरे पट्टे आखलेले होते, पायी चालणाऱ्यांनी ओलांडायचे. पट्ट्यांपलीकडे, दुसऱ्या मजल्यावर, एक पाळणाघर होतं. ते चालवायच्या त्या मावशी. सगळ्या वस्तीच्या मावशी. त्यांच्या यजमानांनाही लोक "मावशींचे यजमान" म्हणूनच ओळखायचे. ते छापखान्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, आणि मावशी त्यांच्या वाटचंही बोलून टाकणाऱ्या.

मावशींनी एका जाड दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या होत्या. एका मुलाला एक गाठ. बाहेर पडलं की गाठ सोडायची नाही, हा नियम. रोज संध्याकाळी ती दोरी पट्ट्यांवरून दुकानाच्या बाजूला यायची, कारण बस इकडे थांबते आणि मुलांचे आईबाप इथूनच मुलं घेतात. मावशी पट्ट्यांच्या मधोमध हात वर करून उभ्या राहायच्या. शेवटचं मूल फुटपाथवर चढेपर्यंत तो हात खाली यायचा नाही, मग मागे कितीही हॉर्न वाजोत. एकदा मिस्त्रींनी फुटपाथवर तेल सांडलं होतं, तर म्हणाल्या होत्या, "माझं एक जरी पोर घसरलं ना, तर सगळी दोरी तुमच्या दुकानात आणून बांधीन. मग करा दुरुस्ती." मिस्त्रींनी निमूटपणे भुसा आणून टाकला होता.

आणि रॉकेट? तो रोज संध्याकाळी त्याच उतारावरून यायचा. त्याच्या फोनमध्ये काहीतरी होतं, ते उताराच्या वरच्या वळणापासून दुकानापर्यंतची वेळ मोजायचं आणि सगळ्या सायकलवाल्यांत पहिला कोण ते दाखवायचं. पहिला नंबर एक्केचाळीस सेकंदांचा होता. रॉकेटचा त्रेचाळीस. ही शर्यत कुणी ठेवली नव्हती, तिला झेंडा नव्हता, पंच नव्हता, आणि जे लोक त्या मार्गावरून घरी जात होते त्यांना ती चालू आहे याचा पत्ताही नव्हता.

तो दिवस साधा होता. साडेपाच वाजून गेलेले. दोरी ओलांडून झाली, सात मुलं आपापल्या घरच्यांकडे गेली, मावशी परत वर गेल्या. तेवढ्यात त्यांना जिन्यात एक बूट दिसला. लहानसा, निळा, डाव्या पायाचा. ज्याचा बूट ते मूल आईच्या कडेवर होतं आणि आई समोर बसची वाट बघत उभी होती. मावशींनी वरून हाक मारली, ती तिला ऐकू गेली नाही. मावशी बूट घेऊन खाली आल्या आणि पट्ट्यांवर उतरल्या. पट्ट्यांवरच. मी डब्यातून बघत होतो. दोन मिनिटांपूर्वी तिथे दोरी होती.

शिट्टी ऐकू आली. लांब आणि जोरात. मग पुन्हा एकदा, आणखी जवळून.

त्यानंतर एक आवाज यायला हवा होता. रबर चाकाच्या कडेला घासल्याचा, कर्कश, कान किटवणारा. तो आवाज माझा आहे. तो आला नाही. मागच्या चाकाची थोडी फरफट ऐकू आली, आणि मग जे ऐकू आलं त्याचं वर्णन मी तुमच्यापुढे करणार नाही.

मिस्त्री हातातलं टाकून धावले. मावशी रस्त्यावर होत्या. बूट त्यांच्या हातातच होता. रॉकेट कोपर धरून उठत होता. त्याचं पहिलं वाक्य मी ऐकलं आणि ते मी विसरणार नाही. तो म्हणाला, "मी शिट्टी मारली होती."

मावशी तिसऱ्या दिवशी रुग्णालयातच वारल्या.

यापुढचं सांगताना माझा तोल जाईल, तर सांभाळून घ्या. महिनाभर मी त्या छपराखालच्या गप्पा ऐकल्या. लोक हळहळत होते, नाही असं नाही. पण हळहळ संपली की पुढचं वाक्य ठरलेलं. साधी सायकलच ती, सायकलने कुणी मरतं का, बाईंनीही बघायला नको होतं का, नशीब दुसरं काय. एकाने तर पोराचं आयुष्य बरबाद होईल म्हणून चुकचुक केली. ट्रकने उडवलं असतं तर याच लोकांनी चालकाला खाली ओढलं असतं. इथे त्यांनी रॉकेटला पाणी दिलं आणि कोपराला लावायला हळद-मलम शोधलं. सत्तर किलोचा माणूस, खाली लोखंड, आणि एवढा उतार. ते वजन अंगावर आलं तर इंजिन होतं की नव्हतं याने काय फरक पडतो? आणि ती शिट्टी! शिट्टी मारली की रस्ता मारणाऱ्याच्या मालकीचा होतो, असं कुठे लिहिलंय? पट्ट्यांवरच्या माणसाने शिट्टीचा अर्थ लावायचा, की शिट्टी मारणाऱ्याने पट्ट्यांचा?

हवालदार चौकशीला यायचे तेव्हा तेही मिस्त्रींपाशी डोकं धरून बसायचे. त्यांची अडचण वेगळीच होती. गाडी बेदरकार चालवण्याचं कलम आहे, पण पुस्तकात गाडी म्हणजे इंजिन असलेली. सायकलीला नंबर नाही, परवाना नाही, वेगाची मर्यादा नाही. "आता हिला लावू काय?" ते मिस्त्रींनाच विचारायचे. शेवटी साहेबांनी निष्काळजीपणाचं एक साधं कलम लावलं. पंचनामा मात्र हवालदारांनीच लिहिला होता आणि तो त्यांनी एकदा वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, एक सायकल, रंग काळा. एक लहान बूट, रंग निळा, डावा. मावशींच्या चपलेचा पट्टा कुठे तुटला तेही लिहिलं होतं. सायकलीला पुढचा ब्रेक नाही, हे मात्र कुणी लिहिलं नव्हतं. रंग दिसला. मी नसलेलो दिसलो नाही.

मिस्त्रींना ते दिसलं होतं. ते ऐकून घ्यायचे आणि हातातलं चाक उगाच फिरवत राहायचे. माझ्या डब्याकडे बघायचे नाहीत.

आता ती चूक सांगतो. असली चूक एखादा मिस्त्रीच करू शकतो.

तारीख लागली तेव्हा हवालदार ती काळी सायकल घेऊन दुकानात आले. पुढचं चाक वाकलं होतं, धड ढकलताही येत नव्हतं. साहेब म्हणाले होते, कोर्टात खांद्यावरून नेणार का? चालती करून आणा. हवालदारांनी सायकल टेकवली आणि ते समोर चहा प्यायला गेले.

मिस्त्रींनी चाक काढलं, सरळ केलं, पुन्हा बसवलं. तिथे त्यांनी थांबायला हवं होतं. पण ते उठले, फळीशी आले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला हातात घेतलं.  त्यांनी माझे जुने गुटके काढून नवे घातले. तेल दिलं. आणि मला माझ्या जागी बसवलं, वायर ताणली, दांडी कसली. इतक्या जिव्हाळ्याने त्यांनी कुठलंच काम केलेलं मी पाहिलं नाही. जणू मला परत बसवलं की ती संध्याकाळ पुसली जाणार होती.

मिस्त्रीणबाई जेवणाचा डबा घेऊन दुकानात आल्या तेव्हा शेवटचा नट आवळला जात होता. त्यांनी सायकल ओळखली. 

"कोर्टात न्यायची म्हणता ना ही? मग होती तशीच न्यायला नको का?"

"होती तशी ठेवली म्हणून तर हे झालं."

"अहो, ते झालं ते झालं. आता कोर्ट कुठली सायकल बघणार? त्या दिवशीची, की तुम्ही आज केलीत ती?"

मिस्त्रींचा हात पान्यावर तसाच राहिला. त्यांना कळलं. मलाही तेव्हाच कळलं. पण चहा पिऊन हवालदार आले होते, सायकल छान चालते म्हणून खूश झाले होते, आणि मिस्त्री काही बोलले नाहीत. बोलायचं तर आधी हे सांगावं लागणार होतं की पुराव्याला हात लावला. आणि त्याच्याही आधी हे, की ब्रेक काढला कुणी. पोटापुरतं दुकान, पिकलेलं वय, आणि दोन्ही गुन्हे आपल्याच तोंडाने कबूल करायचे. हवालदार सायकल ढकलत निघाले. मी वळून पाहिलं तेव्हा मिस्त्रीणबाई नवऱ्याकडे बघत होत्या आणि मिस्त्री जमिनीकडे.

कोर्टाची खोली लहान होती. सायकल साक्षीच्या पिंजऱ्याला टेकवून ठेवली होती, म्हणजे मला सगळे दिसत होते. मागच्या बाकावर मावशींचे यजमान. त्यांच्यापासून दोन बाकं सोडून सिस्टर, अंगावर कामावरचेच कपडे. रॉकेट पुढे, इस्त्रीच्या शर्टात. आत येताच त्याने सायकलीकडे पाहिलं, आणि मी दिसलो. तो दचकला. मला वाटलं, आता बोलेल. आपल्याच सायकलीवर नसलेला ब्रेक आलेला दिसला तर कुणीही बोलेल. त्याने नजर फिरवली आणि कॉलर नीट केली.

मिस्त्री साक्षीला आले ते सर्वांत आधी धावले म्हणून. सरकारी वकिलांनी काय पाहिलं, काय ऐकलं ते विचारलं. ब्रेकचा विषयच त्यांना ठाऊक नव्हता. मग रॉकेटचे वकील उठले. त्यांनी आधी सांगितलं की बाई घाईत होत्या, त्यांचं लक्ष हातातल्या बुटाकडे होतं, मुलाने दोनदा इशारा दिला होता. मग ते सायकलीपाशी आले, तिचं पुढचं चाक उचलून जोरात फिरवलं, आणि मला दाबलं.

चाक जागच्या जागी थांबलं. मी थांबवलं. मला दुसरं काही येतच नाही.

"तुम्ही इतक्या वर्षांचे मिस्त्री," वकील म्हणाले. "सांगा, दोन्ही ब्रेक आहेत?"

"आहेत."

"चालू आहेत?"

"आहेत."

"झालं. मला आणखी काही विचारायचं नाही."

मित्रांनो, मी आयुष्यभर इमानाने नोकरी केली. आणि त्या क्षणी, सगळ्यांत चोख काम करताना, मी खोटी साक्ष देत होतो. माझे नवे गुटके, माझं तेल, माझी ताणलेली वायर, सगळं मिळून एकच सांगत होतं की त्या दिवशी मी तिथे होतो आणि तरीही बाई मेल्या, तेव्हा चूक बाईंची. मला ओरडावंसं वाटलं की मी नव्हतो. मी नव्हतो, हाच तर पुरावा आहे. पण ब्रेकला ओरडता येतं ते चाक फिरत असतानाच.

कारकुनाने मिस्त्रींना खाली उतरायची खूण केली. मिस्त्री उतरले नाहीत. त्यांनी पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला.

"तो पुढचा मी बसवलाय," ते म्हणाले. "नंतर. चाक सरळ करायला आणली होती तेव्हा. आणि त्याच्या आधी काढलाही मीच होता. हा म्हणाला, आणि मी काढला. त्या दिवशी सायकलीला पुढचा ब्रेक नव्हता."

खोलीत कुजबूज झाली. वकील ताडकन उठले. पुरावा काय, ते विचारू लागले. पंचनाम्यात असं काही नाही, हा माणूस कुणाच्या तरी सांगण्यावरून बोलतोय, आणि खरं असेल तर याच्यावरच गुन्हा दाखल करा. मिस्त्री प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, करा म्हणत होते.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि रॉकेटला सरळ विचारलं की त्या दिवशी ब्रेक होता का. वकिलांनी लगेच सांगितलं, उत्तर द्यायची सक्ती नाही. न्यायाधीशबाई म्हणाल्या, नाही, सक्ती नाही. रॉकेट गप्प उभा राहिला. कायद्याने त्याला गप्प राहायची मुभा दिली होती आणि तो ती वापरत होता. कितीतरी वेळ. 

मागून एकच शब्द आला.

"सांग."

सिस्टर उभी राहिली नव्हती. बसूनच बोलली होती, मान खाली घालून, आणि आवाजही मोठा नव्हता. कारकून तिला दटावायला वळला, पण त्याआधीच रॉकेट बोलला होता.

"नव्हता."

निकाल तीन आठवड्यांनी लागला. न्यायाधीशबाईंनी बराच वेळ वाचला. त्या म्हणाल्या की आरोपीला सायकल थांबणार नाही हे माहीत होतं, आणि तरी तो माणसांच्या पट्ट्यांकडे वेळ मोजत येत होता. याला निष्काळजीपणा हा शब्द अपुरा आहे. पण कायद्याने त्यांच्या हातात दिलेला शब्द तेवढाच होता. सायकलीच्या उतारावरच्या वेगाबद्दल कायदा काही बोलत नाही, ब्रेक उतरवून घेणाऱ्याबद्दल बोलत नाही, उतरवून देणाऱ्याबद्दलही नाही. काही महिन्यांची शिक्षा झाली. त्याच दिवशी वर दाद मागायचा अर्ज झाला, आणि रॉकेट जामिनावर घरी गेला. पुराव्यात ढवळाढवळ केल्याबद्दल मिस्त्रींवर मात्र वेगळं प्रकरण उभं राहिलं. खरं बोलणाऱ्या माणसाची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

हवालदारांनी मला बाहेर आणून व्हरांड्याच्या भिंतीला टेकवलं आणि ते सही आणायला आत गेले. सिस्टर माझ्यापासून चार पावलांवर उभी होती. मावशींचे यजमान बाहेर येताच ती पुढे झाली आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली. त्यांनी तिला वाट दिली. ती गेली.

मग मिस्त्री आले. त्यांनी हात जोडले. बहुतेक त्यांना दोन शब्द ऐकायचे असावेत, शिव्यांचे का होईनात. यजमानांनी शिवी दिली नाही. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं,

"काढलात तेव्हा त्याला काही म्हणाला होतात का?"

"म्हणालो होतो," मिस्त्री म्हणाले. "थांबवतो तो पुढचाच, असं म्हणालो होतो."

"एकदाच?"

मिस्त्रींनी जोडलेले हात खाली घेतले. 

"हो," ते म्हणाले. "एकदाच."

यजमानांनी मान हलवली, जशी छापखान्यात चुकीचा शब्द सापडल्यावर हलवत असतील, आणि ते जिना उतरून गेले.

मित्रांनो, मी इथे पडल्या पडल्या त्या एकाच शब्दाचा विचार करतो. सगळ्यांनी एकेकदाच केलं. आईने लहानपणी शिकवलं आणि मोठेपणी सायकल काळी होताना पाहिली तेव्हा एकदाच विचारलं असेल, घंटी कुठे गेली रे? मिस्त्रींनी एकदा बजावलं आणि विनोदाला हसले. हवालदारांनी सायकलीकडे एकदा पाहिलं आणि रंग लिहिला. प्रत्येकाला वाटलं, आपण आपलं काम केलं. मी तुम्हाला माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो, उतारावर मला एकदा दाबून भागत नाही. दाबायचं, सैल सोडायचं, पुन्हा दाबायचं, खाली पोचेपर्यंत.

म्हणून मला तुमच्याकडून दया नको, पुसूनबिसून ठेवू नका. तुमचा दादा, तुमचा मित्र, तुमचे बाबा सायकलवरून काही उतरवायला निघाले तर सांगा. ते हसतील. हसू द्या, आणि पुन्हा सांगा. कुणी "साधी सायकलच तर आहे" म्हणालं तर ते वाक्य तिथेच अडवा. आणि पट्ट्यांवर समोर कुणी असेल, म्हातारं, लंगडं, हातातल्या बुटाकडे बघत चाललेलं, तुमच्याकडे अजिबात न बघणारं, तर त्याने बघायला हवं होतं असं मनातसुद्धा म्हणू नका. तुम्ही त्याला पाहिलंय ना? मग दाबा.